जुन्या मोटारीसाठी एक्झॉस्ट हेडर घडवून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने जुनी पेट्रोल अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि त्याच काळातील इतर चार सिलिंडरच्या मोटारी बाळगणाऱ्यांसाठी आहेत. विदर्भात तालुक्याच्या गावी ट्रॉल्या, वखर, डवरे आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे फॅब्रिकेशनचे दुकान हमखास असते. मात्र तिथल्या कारागिराने मोटारीचे हेडर बहुधा कधी केलेले नसते, हे गृहीत धरून ती लिहिली आहेत.

हेडर आणि मूळ मॅनिफोल्ड यांत नेमका फरक काय?

जुन्या मोटारींना कारखान्यातून बिडाचे ओतीव मॅनिफोल्ड येत असे. त्यात सर्व सिलिंडरांचा धूर एका आखूड पोकळीत मिसळतो आणि तिथून एकाच नळीने सायलेन्सरकडे जातो. हेडरमध्ये हे मिसळणे लांबणीवर टाकलेले असते. प्रत्येक पोर्टमधून, म्हणजे इंजिनाच्या हेडवरील धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून, निघालेली पोलादी नळी काही अंतर स्वतंत्र धावते आणि मगच दुसरीला मिळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून पुढे सरकते. ती जिथे मोठ्या नळीत उघडते तिथून तिचा काही भाग कमी दाबाची लाट होऊन माघारी फिरतो. ही परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या सुमारास, इनलेट व्हॉल्व्हही किंचित उघडा असताना, सिलिंडरपाशी पोचली तर उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. नळीच्या लांबीचे सारे गणित या वेळेसाठी मांडलेले असते.

हेडर बसवल्याने गाडीची ताकद किती वाढेल?

मूळ कॅमशाफ्ट, मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ कॉम्प्रेशन कायम असेल तर फार थोडी, आणि तीही वरच्या आरपीएमला. ज्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ मुळातच छोटा आहे, तिथे लाटेला काम करायला अवधीच मिळत नाही. गावाहून तालुक्याला आणि वर्षातून एकदा शेगावला जाणाऱ्या गाडीत हा फरक चालकाला जाणवेलच, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे काम देऊ नये. हेडर घडवून घेण्याचे सर्वांत सबळ कारण वेगळे आहे : मूळ मॅनिफोल्डला तडा गेला आहे, भंगार बाजारात मिळणाऱ्यालाही तडाच आहे आणि गाडी उभी आहे. म्हणूनच या पानावर लांबीच्या गणितापेक्षा फ्लँज (नळ्या हेडवर नटांनी बसवणारी जाड पट्टी), सांधे आणि उष्णता यांनाच अधिक जागा दिली आहे.

तडा गेलेले बिडाचे मॅनिफोल्ड झाळून घेता येत नाही का?

येते, आणि तडा लहान असेल तर प्रथम तेच करून पाहावे. त्यासाठी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणे थांबवावे, तडा व्ही आकारात खोदावा, संपूर्ण नग सावकाश तापवावा आणि निकेलच्या रॉडने आखूड आखूड टाके घालत झाळावे. प्रत्येक टाक्यानंतर लगेच हातोडीने हलके ठोकल्यास आकसण्याचा ताण कमी होतो. काम संपल्यावर नग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर थंड होऊ द्यावा. साध्या लोखंडी रॉडने झाळलेले बीड बहुधा शिवणीच्या कडेलाच पुन्हा फुटते. पितळेची झाळ मात्र इथे वापरू नये, कारण लालभडक तापणाऱ्या मॅनिफोल्डवर तिचा जोर टिकत नाही.

अॅम्बेसेडरच्या हेडला एक्झॉस्टचे तीनच पोर्ट दिसतात. मग चार नळ्यांचे हेडर कसे होणार?

होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातले आहे. त्याच्या हेडमध्ये पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र एक्झॉस्ट पोर्ट असून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा धूर मधल्या सामाईक पोर्टमधून निघतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या धडका एकमेकींपासून क्रँकच्या बरोबर एका फेऱ्याने दूर असतात, त्यामुळे सामाईक पोर्ट असूनही त्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचेही तसेच आहे. म्हणून या इंजिनासाठी सर्वांत सरळ रचना अशी : पहिल्या आणि चौथ्या पोर्टच्या नळ्या वाय आकारात एकत्र आणाव्यात, मधली नळी एकटीच खाली न्यावी आणि या दोन प्रवाहांची गाठ गिअरबॉक्सच्या आसपास घालावी. ज्या इंजिनांना चारही पोर्ट वेगळे आहेत आणि हीच फायरिंग ऑर्डर आहे, त्यांत १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या लावल्या की तीच व्यवस्था होते.

नळीची लांबी आणि व्यास कसा ठरवावा?

जुनेजाणते कारागीर वापरतात ते सूत्र असे आहे. पिस्टन तळाला पोचण्यापूर्वी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या फेऱ्याचे जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवावेत; बेरजेला ८५० ने गुणून, ज्या आरपीएमला लाभ हवा त्याने भागावे; आलेल्या संख्येतून ३ वजा केले की लांबी इंचांत मिळते. व्यासासाठी एका सिलिंडरची क्षमता घन सेंटिमीटरमध्ये घ्यावी, तिला लांबी अधिक ३ या बेरजेच्या २५ पटीने भागावे, उत्तराचे वर्गमूळ काढून २.१ ने गुणावे. हा आतला व्यास, तोही इंचांत.

उदाहरणादाखल १४८९ सीसीचे इंजिन घेऊ. एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३७२ घन सेंटिमीटर होते. व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडतो आणि लाभ ४,५०० आरपीएमला हवा असे धरले, तर लांबी ४० इंचांहून थोडी अधिक आणि आतला व्यास सुमारे १.२३ इंच, म्हणजे ३१ मिलिमीटर येतो. बाहेरून ३५ मिलिमीटर व्यासाचा, १६ गेजचा म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप या हिशेबात नेमका बसतो. दोन टप्प्यांत जोडणी करायची असल्यास ही ४० इंच लांबी शेवटच्या गाठीपर्यंतची धरावी आणि त्यांपैकी पहिला टप्पा सुमारे १५ इंचांचा ठेवावा. सामाईक पोर्टच्या नळीचा आतला व्यास मात्र सूत्रावर न सोडता पोर्टच्या तोंडाहून लहान होणार नाही एवढे पाहावे.

लांबीत इंचभर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. अनेक जण सूत्रापायी नळ्यांना नको तेवढे वळसे देतात; त्यापेक्षा थोडी आखूड, पण सरळ आणि स्टार्टरच्या वायरपासून दूर जाणारी नळी केव्हाही चांगली.

विहिरीवरच्या मोटरीचा जुना जीआय पाइप पडून आहे. तो वापरावा काय?

वापरू नये. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे ९०७ अंशांना उकळते, तर वेल्डिंगचा आर्क त्याहून कितीतरी तप्त असतो. त्यातून उठणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिवणीतही छिद्रे राहतात. शिवाय पाण्याचा पाइप हेडरसाठी अनावश्यक जाड आणि जड असतो, त्यामुळे त्याचा भार फ्लँजवर आणि स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, आटे असलेल्या खुंट्यांवर) येतो.

साधा सीआर (थंड रोल केलेल्या पत्र्याचा) किंवा ईआरडब्ल्यू (विजेने शिवण झाळलेला) काळा पाइप, १६ गेज, हा पहिल्या हेडरसाठी योग्य माल आहे. स्टेनलेस हवे असल्यास ३०४ घ्यावे, पण रेलिंगवाल्याकडचा पाइप घेताना सावध राहावे, कारण तिथे बहुतेक माल २०२ ग्रेडचा असतो आणि लोहचुंबक लावून तो ओळखता येत नाही. २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. उलट मोटार कंपन्या एक्झॉस्टसाठी मुद्दाम वापरतात ते ४०९ ग्रेडचे स्टेनलेस चुंबकाला चिकटते आणि अजाण गिऱ्हाईक ते नकली समजून परत करते. माल घेताना ग्रेडचा उल्लेख असलेले बिल मागावे.

मँड्रेल बेंड (नळी चेपू नये म्हणून आत आधार घालून यंत्रावर काढलेले बाक) आमच्याकडे मिळत नाहीत. बाक कसे काढावेत?

नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून तयार बाक आणून ते कापून जोडणे ही सर्वांत सुरक्षित वाट आहे. गावातच काढायचे असतील तर वाळू भरून गरम बाक काढण्याची जुनी पद्धत आजही उत्तम चालते. नदीची बारीक वाळू चाळून कढईत खरपूस भाजावी, नळीत ठोकून ठोकून गच्च भरावी, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे मारावेत आणि त्यांपैकी एका गुट्ट्याला बारीक भोक ठेवावे. वाळू भाजण्यात हयगय करू नये. तिच्यात ओल राहिली तर आत वाफ होऊन गुट्टा गोळीसारखा सुटतो. नळीची शिवण बाकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला न ठेवता बाजूला ठेवावी, म्हणजे ती ताणलीही जात नाही आणि दबतही नाही.

बाक काढण्यापूर्वी नळीचा मार्ग ८ मिलिमीटरच्या सळईने किंवा जाड तारेने गाडीवरच आखून घ्यावा. सळई नळीच्या मध्यरेषेवर धरायची असते, हे कारागिराला आधीच सांगावे. नाहीतर नळी तयार झाल्यावर ती चॅसीला घासते.

फ्लँज कसा बनवावा? आमचा पहिला फ्लँज वेल्डिंगनंतर वाकडा झाला.

बहुतेक फसलेल्या हेडरांचे मूळ इथेच असते. फ्लँजसाठी १० मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट घ्यावी. नवे पॅकिंग हा सर्वांत चांगला नमुना असतो; ते न मिळाल्यास पोर्टच्या कडांना आणि स्टडना ग्रीस लावून त्यावर जाड पुठ्ठा दाबावा आणि ठसा उमटवून घ्यावा. गॅस कटरने कापल्यास रेषेपर्यंत न जाता दोन-तीन मिलिमीटर माल जास्तीचा ठेवून उरलेला कानशीने काढावा. एमआयडीसीत लेझर कटिंगची सोय जवळ असेल तर तिथे जाण्याचा त्रास वसूल होतो. स्टड ५/१६ इंचाचा असेल तर भोक ९ मिलिमीटरचे ठेवावे, कारण तापल्यावर फ्लँज लांबीत वाढतो आणि घट्ट भोक स्टडला वाकवते.

अॅम्बेसेडरसारख्या इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असतात, आणि एकच जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डच्या कानांवर बसून त्यांना एका नटने दाबतो. अशा ठिकाणी नव्या फ्लँजची जाडी इनलेट मॅनिफोल्डच्या कानाइतकीच हवी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी वॉशर तिरपा बसतो, एक बाजू कसली जाते आणि दुसरी गळत राहते. त्यामुळे प्लेट विकत घेण्याआधी इनलेटच्या कानाची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी. प्लेट जाड असेल तर फक्त वॉशर टेकतो तेवढी जागा उतरवून घेतली तरी चालते.

वेल्डिंग करताना फ्लँज मोकळा ठेवू नये. भंगारातील जुन्या सिलिंडर हेडवर, किंवा तो नसल्यास २० मिलिमीटरच्या प्लेटवर भोके पाडून, तो सर्व नटांनी कसून बसवावा. प्रत्येक नळीला चार टाके मारावेत, मग एका पोर्टची पाव शिवण घालून दूरच्या पोर्टकडे जावे, आणि असे आलटून पालटून काम पुरे करावे. एकच पोर्ट सलग गोल झाळला की फ्लँज केळीसारखा वाकतो. नग हाताला सोसवेल इतका थंड झाल्याशिवाय नट सोडू नयेत. त्यानंतर सरळ पट्टी टेकवून फिलर गेज घालून पाहावा, ०.२ मिलिमीटरचे पान सरकत असेल तर तोंड मशीनवर सपाट करून घ्यावे, दोन पॅकिंग लावून वेळ मारून नेऊ नये. सगळे पोर्ट एकाच लांब पट्टीवर असतील तर वेल्डिंगनंतर पोर्टांच्या मधून पट्टी कापून तिचे तुकडे मोकळे करावेत, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापला प्रसरण पावतो.

वेल्डिंग कोणत्या मशीनवर करावे?

टिग (आर्गॉन वायूतले वेल्डिंग) उत्तम, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूतले, तारेचे) चांगले आणि साधा रॉड चालण्याजोगा. १६ गेजला २.५ मिलिमीटरचा रॉड सहज भोक पाडतो. २ मिलिमीटरचा ६०१३ रॉड ४० ते ६० अँपिअरवर वापरावा आणि जाड फ्लँजकडे आर्क अधिक वेळ धरावा. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरते तेव्हा आर्क तुटत राहतो आणि शिवण वरून छान, आतून पोकळ अशी होते. त्यामुळे हे काम दिवसा, लाइन स्थिर असताना उरकावे. स्टेनलेस ३०४ साठी ३०८एल तार आणि स्टेनलेस लोखंडाला जोडताना ३०९एल तार वापरतात. स्टेनलेस टिगने झाळताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो, अन्यथा आतल्या बाजूने शिवण जळून खडबडीत होते आणि पुढे तिथूनच चिरते.

टाके गाडीवरच मारावे लागतात. कोणती काळजी घ्यावी?

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात, कार्ब्युरेटर उतरवावा, पेट्रोलची नळी बंद करून तिचे तोंड बांधावे आणि आजूबाजूला ओली पोती टाकावीत. अर्थिंगचा चिमटा ज्या नळीला टाका मारायचा तिलाच लावावा. तो चॅसीला लावल्यास करंट बेअरिंगमधून वाट काढू शकतो. गाडीवर फक्त टाके मारावेत, पूर्ण शिवण नग उतरवूनच घालावी.

मे महिन्यात हेडरच्या उष्णतेने गाडी बंद पडेल काय?

ही भीती अनाठायी नाही. बिडाचे मॅनिफोल्ड जाड असल्याने सावकाश तापते, पातळ नळी मात्र लवकर आणि जास्त तापते, आणि कार्ब्युरेटर तिच्या नेमका वर असतो. बाहेर ४५ अंश असताना गाडी चहासाठी दहा मिनिटे उभी केली की फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरच्या वाटीतील) पेट्रोल उकळू लागते आणि सेल्फ मारूनही इंजिन दाद देत नाही. कार्ब्युरेटर आणि हेडर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशा रीतीने बसवावा. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर घालावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या दुप्पट अंतर ठेवले तरी ते जास्त म्हणता येणार नाही.

नळीला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी साध्या लोखंडी हेडरवर न वापरलेली बरी. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि आतल्या आत नळी गंजून जाते, हे पट्टी सोडेपर्यंत कळत नाही. ६०० अंश सोसणारा अॅल्युमिनियम रंग, वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या नळीवर, पातळ दोन हातांत पुरेसा आहे.

गाडी शेतात न्यावी लागते. काही विशेष धोका?

आहे, आणि शहरी कारागीर तो सांगत नाही. हेडर व त्याची पुढची नळी मूळ नळीपेक्षा अधिक तापते आणि बहुधा अधिक खाली येते. मळणीनंतर खळ्यावर पसरलेले सोयाबीनचे कुटार, धुऱ्यावरचे वाळले गवत किंवा पऱ्हाट्यांचा ढीग यांवर चालून आलेली गाडी उभी केली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. नळीवर अडकून राहिलेल्या चार काड्यासुद्धा पुरतात. त्यामुळे गाडीखाली सर्वांत खालच्या नळीला पत्र्याचे कवच द्यावे, आणि शेतातून परतल्यावर वाकून खाली एकदा पाहावे.

गळती आहे की नाही, कसे ओळखावे?

थंड इंजिन सुरू करून मदतनिसाने मागच्या नळीच्या तोंडावर जाड ओले फडके क्षणभर दाबावे. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. गाडीवर बसवण्यापूर्वीच सर्व तोंडे बंद करून ब्लोअरने हवा भरावी आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावावे, हे त्याहून बरे. गळतीकडे आवाजाचा प्रश्न म्हणून पाहू नये. फायरवॉलच्या (इंजिन आणि बैठक यांमधील पडद्याच्या) जुन्या भोकांतून कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नसतो आणि काचा बंद असताना तो जिवावर बेततो. म्हणून त्या भोकांचे रबरी ग्रोमेटही याच वेळी बदलावेत.

कार्ब्युरेटरची जुळणी बदलावी लागेल काय?

बहुधा थोडी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलबरोबर ऑक्सिजनही येत असल्याने जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधील पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण आधीच पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होते; हेडरने धूर मोकळा झाला की त्यात भर पडू शकते. मोठ्या रस्त्यावर एका लयीत गाडी पळवून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. चिनीमातीचा भाग पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, फिकट तपकिरी असेल तर ठीक.

डिझेल अॅम्बेसेडरला हेडर करावे काय?

नाही, खर्च वाया जाईल.

आरटीओची अडचण येईल काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे हेडरच्या पुढे पूर्ण क्षमतेचा सायलेन्सर ठेवावाच, आणि धुराचे तोंड खाली किंवा डाव्या बाजूला वळवू नये. जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला पीयूसीत मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. जुळणी नीट असेल तर ती पाळणे अवघड नाही.

गाडी ५० वर्षांहून जुनी असून २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर मात्र थांबावे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली, मूळ रूपात जपलेली गाडीच त्या व्याख्येत बसते, आणि तपासणाऱ्याच्या नजरेला चकाकणारे हेडर पहिल्यांदा दिसते. तडा गेलेले मूळ मॅनिफोल्ड अशा वेळी दुरुस्तीसाठी कामी येते. ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये.

बसवल्यानंतर नट पुन्हा कधी कसावेत?

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून पूर्ण थंड झाल्यावर, आणि त्यानंतर शे-दोनशे किलोमीटर धावल्यावर एकदा. मधल्या स्टडपासून सुरुवात करून कडेकडे जावे. नट पितळेचे वापरावेत, म्हणजे गंजून स्टडला धरत नाहीत. लोखंडी नट चार पावसाळ्यांनंतर सोडताना स्टडसकट तुटतो आणि तुटलेला स्टड हेडमधून काढण्याचे काम हेडर घडवण्यापेक्षा जास्त वेळ खाते.